व्होल्ट दिसतात, मग दिवा का लागत नाही?

गेल्या पावसाळ्यात कोकणातून परत येताना घाटात मागच्या गाडीवाल्याने हात करून मला थांबवलं. म्हणाला, "साहेब, डावीकडचा इंडिकेटर दिला की तुमचा मागचा लाल दिवापण लुकलुकतो. आणि ब्रेक मारला की डावी बाजू उजळायच्या ऐवजी मंदावते." घरी पोचल्यावर गाडी गॅरेजला दिली. तिथे आधी फ्लॅशर बदलला, मग स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच बदलला. बिल झालं, दोष जागच्या जागी.

शेवटी एका संध्याकाळी मीच डिकीचं अस्तर बाजूला केलं. मल्टिमीटरची काळी पिन स्वच्छ उघड्या पत्र्याला टेकवली, लाल पिन दिव्याच्या होल्डरवरच्या अर्थच्या वायरला लावली आणि मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगितलं. मीटरवर साडेचार व्होल्ट आले. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं, फार तर ०.१ किंवा ०.२. ती वायर धरत धरत खाली गेलो, तर डिकीच्या रबरातून झिरपलेल्या पाण्याने अर्थचा बोल्ट पार गंजलेला होता. पॉलिश पेपरने पत्रा आणि वायरचं टोक घासलं, बोल्ट आवळला, वरून थोडं ग्रीस लावलं. दहा मिनिटांत सगळे दिवे ठणठणीत.

तेव्हापासून मला एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. गाडीतला विजेचा दोष शोधताना आपण पार्टवर संशय घेतो आणि वाटेला विसरतो. "करंट येतोय ना? मग बल्बच गेला असणार" हे वाक्य कोणत्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळेल. पण करंट नुसता यायला लागत नाही, त्याला परतही जावं लागतं. गाडीत परतीची वेगळी वायर बहुतेक ठिकाणी नसते, बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतची वाट गाडीच्या पत्र्यातूनच असते. ती वाट जिथे बोल्टने पत्र्याला जोडलेली असते, तिथेच पाणी साचतं आणि गंज चढतो.

माझ्या गाडीत नेमकं काय होत होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. मागच्या दिव्यात बहुधा एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, ब्रेकची २१ वॉटची आणि पार्किंगची ५ वॉटची. दोघींचा अर्थ एकच. तो अडला की ब्रेकच्या तारेतून आलेला करंट शेजारच्या पार्किंगच्या तारेत उलटा शिरतो, पार्किंगच्या वायरीने पुढे जातो आणि उजवीकडच्या किंवा नंबर प्लेटच्या दिव्यातून पत्रा गाठतो. म्हणून एक दिवा लावला की दुसराच उजळतो किंवा मंदावतो. असे दोन दिवे एकमेकांत गुंतलेले दिसले, की स्विचच्या नादी न लागता आधी त्या बाजूचा अर्थ बघावा.

दुसरा गैरसमज मीटरबद्दलचा आहे, आणि तो शिकलेल्यांमध्येच जास्त. होल्डरमधला बल्ब काढून मीटर लावला, १२ व्होल्ट दिसले, म्हणजे वायर चांगली असं धरलं जातं. पण आपल्या चाळीतला नळ आठवा. पाइपात गाळ भरलेला असला तरी नळ बंद असेपर्यंत दाब पूर्ण असतो. नळ उघडला की करंगळीएवढी धार. वायरचंही तसंच आहे. वीस धाग्यांपैकी एकोणीस तुटलेले असले तरी उरलेल्या एका धाग्यावर मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट खातच नाही म्हटलं तरी चालेल. दिव्याला मात्र पावणेदोन अँपिअर लागतात, ते त्या एका धाग्यातून धड येतीलच असं नाही. म्हणून मोजमाप दिवा लावलेला ठेवूनच करायचं. दिव्यांच्या बाबतीत तर जुना २१ वॉटचा बल्ब आणि दोन वायरी एवढा टेस्ट लॅम्प महागड्या मीटरपेक्षा खरं बोलतो. तो भक्क लागला तर वाट मोकळी आहे, मिणमिणला तर कुठेतरी अडलेली.

हा टेस्ट लॅम्प सेन्सरच्या वायरींना मात्र कधीही लावू नये. तिथे बहुधा ५ व्होल्टवर अगदी क्षीण करंट चालतो आणि बल्बच्या ओढीने कंट्रोल युनिट जळू शकतं. पिवळ्या कपलरच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या. त्यांना टेस्ट लॅम्प नाही, मीटरही नाही.

कपलरवरून आठवलं. पितळेच्या भांड्याला कळंक चढतो, तसाच हिरवा थर पावसाळी हवेत कपलरच्या पितळी पिनांवर चढतो. बाहेरून कपलर नवाकोरा दिसतो, उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. किनारपट्टीवरच्या खारट हवेत हे जास्त. कितीतरी "खराब" सेन्सर आणि स्विच कपलर काढून, साफ करून, पुन्हा घट्ट बसवल्यावर चालू होतात. नवा पार्ट बसवल्यावर दोष गेला, तर तो पार्टमुळे गेला की कपलर काढून घातल्यामुळे, हे सहसा कोणी तपासतच नाही.

फ्यूजच्या बाबतीतला गैरसमज धोक्याचा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. फ्यूज दिव्याला किंवा रेडिओला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. १५ अँपिअरचा निळा फ्यूज सारखा उडतो म्हणून तिथे ३० चा हिरवा घालणं, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं, याचा अर्थ आता फ्यूजच्या ऐवजी वायर वितळणार. ती वायर डॅशबोर्डमागे इतर पन्नास वायरींच्या जुडग्यात असते. फ्यूज उडतो कारण कुठेतरी वायर सोलून पत्र्याला लागते. अशी जागा बहुधा हलणाऱ्या ठिकाणी सापडते, म्हणजे दार आणि खांब यांच्यामधला रबरी पाइप, डिकीच्या झाकणाची बिजागरी, किंवा उंदरांनी कुरतडलेलं इंजिनाजवळचं जुडगं. दार अर्धवट उघडल्यावरच काच खालीवर होत असेल, तर मोटर चांगली आहे, त्या रबरी पाइपातली वायर तुटलेली आहे.

पॉवर विंडोची मोटर गेली की स्विच, हे ओळखायची एक सोपी रीत आहे. रात्री आतला दिवा लावून काचेचं बटण दाबा. दिवा किंचित मंदावला तर करंट मोटरपर्यंत जातोय, म्हणजे मोटर किंवा काचेची खाच आवळली आहे. काहीच फरक पडला नाही, तर स्विच, वायर किंवा फ्यूज. काही न उघडता निम्मी तपासणी होते.

इंडिकेटर अचानक भरभर लुकलुकायला लागला, की लोक फ्लॅशर बदलायला धावतात. जुन्या फ्लॅशरची रचनाच अशी आहे की एका बाजूचा बल्ब उडाला आणि करंट कमी झाला की लय वाढते, चालकाला कळावं म्हणून. तेव्हा खाली उतरून पुढचे-मागचे बल्ब बघावेत. २१ वॉटच्या जागी एलईडी बसवला की तो इतका कमी करंट घेतो की गाडीला बल्ब उडाल्यासारखंच वाटतं. नव्या गाड्यांत दिव्याचं बटण दिव्याला थेट करंट देत नाही, ते कंट्रोल युनिटला फक्त निरोप देतं. ते युनिट बल्ब शाबूत आहे का हे बघायला अधूनमधून अगदी क्षणभर करंट सोडून बघतं. फिलामेंटला तेवढ्यात तापायला वेळ मिळत नाही, एलईडी मात्र तेवढ्यातही चमकतो. बाहेरून आणून बसवलेले एलईडी बंद असतानाही लुकलुकतात ते बऱ्याचदा यामुळे.

हेडलाइटचा उजेड कमी पडतो म्हणून ६०/५५ वॉटच्या एच-४ बल्बच्या जागी १००/९० वॉटचा घालायची पद्धत आपल्या हायवेंवर फार आहे. ६० वॉटला सुमारे ५ अँपिअर लागतात, १०० वॉटला ८ हून जास्त. कंपनीच्या वायरी आणि प्लास्टिकचा होल्डर त्यासाठी बनवलेलेच नसतात. असे करपून तपकिरी झालेले होल्डर मी हाताळले आहेत. बोटाने दाबलं की त्यांचा बिस्किटासारखा चुरा होतो. उजेड कुठे गेला ते आधी मोजावं. इंजिन चालू, दिवे लावलेले, आणि मीटर आधी बॅटरीवर, मग बल्बच्या मागच्या टोकांवर. बॅटरीवर १३.८ आणि बल्बवर १२.४ आले, तर वाटेत दहा टक्के व्होल्टेज गळालं. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने उतरतो. दहा टक्के व्होल्टेज गेलं की साधारण तीस टक्के उजेड जातो. ती गळती थांबवली, अर्थ साफ केला, गरज असेल तर जाड वायर आणि रिले टाकून बॅटरीकडून थेट करंट दिला, की त्याच बल्बने रस्ता उजळतो. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नये हे मात्र खरंच आहे. बोटाचा तेलकटपणा तापतो, त्या जागी काच जास्त गरम होते आणि बल्ब लवकर जातो.

आता सेन्सर. "स्कॅनर लावला, ऑक्सिजन सेन्सर गेलाय म्हणून दाखवतो" हे वाक्य ऐकून लोक हजारो रुपये मोजतात. स्कॅनर असं काही सांगत नसतो. उदाहरणार्थ पी ०१७१ या कोडचा अर्थ एवढाच, की इंजिनाला हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. ही बातमी ऑक्सिजन सेन्सरने दिलेली असते. कारण फाटलेली व्हॅक्युमची नळी असेल, कमजोर इंधन पंप असेल, मळलेला हवेचा सेन्सर असेल. बातमी आणणाऱ्यालाच बदलून काय मिळणार? कोड ही तपासाची सुरुवात आहे, निकाल नव्हे.

सेन्सर आणि वायर यांतलं कोण दोषी, हे इंजिनाच्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर छान बघता येतं. पाणी तापेल तसा त्याचा रोध कमी होतो. थंड असताना दोनअडीच हजार ओहम, इंजिन तापल्यावर दोनतीनशे. स्कॅनरवर तापमान लावून ठेवा आणि सेन्सरचं कपलर काढा. आकडा उणे ४० किंवा त्याच्या आसपास गेला पाहिजे. मग कपलरच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा, आकडा एकदम वरच्या टोकाला जायला हवा. दोन्ही गोष्टी घडल्या तर वायर आणि कंट्रोल युनिट दोन्ही चांगले, दोष सेन्सरचा. नाही घडल्या, तर नवा सेन्सर घालून काही होणार नाही. ही युक्ती दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठीच आहे, इतर सेन्सरच्या पिना अशा जोडू नयेत. आणि कपलर काढल्यावर रेडिएटरचा पंखा जोरात फिरायला लागला तर दचकू नका. तापमान कळेनासं झालं की पंखा चालू ठेवायचा, ही बहुतेक गाड्यांतली खबरदारी असते.

बॅटरीबद्दल तीनच गोष्टी. मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणजे बॅटरी भरलेली, असं नाही. रात्रभर उभ्या गाडीत भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे ती अर्धी उतरलेली असते. आणि चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून "अल्टरनेटर चार्ज करतो का" हे बघायची जुनी सवय सोडून द्यावी. डायनामोच्या काळात ते खपून जायचं. आज बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि कंट्रोल युनिट घेऊन जातं. वायर न काढता मीटर लावा, बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर चार्जिंग ठीक आहे. नवी बॅटरीसुद्धा तीन दिवसांत उतरत असेल तर डिकीतला दिवा बघावा. ५ वॉटचा तो दिवा झाकण लावल्यावरही चालू राहिला, तर दिवसाला दहा अँपिअर-तास खातो. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तेवढ्यात संपते. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवा, झाकण लावा, उघडा. स्विच काम करतो की नाही ते त्यात दिसतं.

राहिला ब्रेकचा स्विच. तो पायाजवळ, पेडलच्या वरच्या टोकाला असतो. तो बिघडला की फक्त ब्रेक लाइट जाते, असं समजतात. पण बटण दाबून चालू होणारी ऑटोमॅटिक गाडी ब्रेक दाबलाय हे कळल्याशिवाय सुरू होत नाही, गिअर पार्किंगमधून निघत नाही, आणि मालक मात्र बॅटरी आणि सेल्फ तपासत बसतो. उलट गाडी बंद करूनही ब्रेक लाइट लागलेलीच राहिली, तर वायर शॉर्ट झाल्याचं निदान होतं. अशा वेळी आधी पेडलखालची मॅट बघा. तिथे प्लास्टिकचे वाटाण्याएवढे ठिसूळ तुकडे पडलेले असतील, तर पेडलच्या पट्टीतली छोटी गुंडी झिजून फुटली आहे. तिच्या भोकात स्विचची दांडी घुसते आणि स्विचला वाटतं, ब्रेक दाबलेलाच आहे. गुंडी काही रुपयांची असते.

ब्रेक लाइट लागते का, हे बघायला कोणाला हाक मारायचीही गरज नाही. अंधार पडला की गाडी उलटी घेऊन भिंतीपाशी लावा, ब्रेक दाबा आणि आरशात बघा. भिंतीवर दोन सारखे लाल ठिपके दिसले पाहिजेत. एक फिका असेल, तर त्या बाजूचं डिकीचं अस्तर काढा.