गाडीला मिक्सर लावला तर?

विजेवर चालणारी गाडी नुकतीच घेतलेल्या एका वाचकांनी विचारलं आहे : ‘गाडीसोबत एक अडॅप्टर मिळालाय. चार्जिंगच्या तोंडात बसवला की दुसऱ्या टोकाला घरातल्यासारखं सॉकेट. त्यावर मिक्सर छान चालतो. भावाच्या डिझेल गाडीतही मागच्या सीटजवळ अगदी तसंच सॉकेट आहे, २३० व्होल्ट लिहिलेलं. तिथे मिक्सर लावला की सॉकेटच बंद पडतं. असं का?’

प्रश्न दोन ओळींचा. उत्तर द्यायचं तर नव्वद-शंभर वर्षं मागे जावं लागेल, आणि मागे जायला मला निमित्तच हवं असतं.

आधी हिशेब. डिझेल गाडीत वीज साठते ती १२ व्होल्टच्या बॅटरीत. ७५० वॅटचा मिक्सर घरी २३० व्होल्टवर जेमतेम सव्वातीन अँपिअर घेतो. तोच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचा तर बॅटरीतून साठ-बासष्ट अँपिअर ओढावे लागतात, आणि रूपांतरातली गळती धरली तर सत्तरच्या आसपास. वायर किती तापते हे प्रवाहाच्या वर्गावर ठरतं. म्हणजे १५० वॅटच्या बेताने घातलेल्या वायरीतून पाचपट प्रवाह नेला, तर उष्णता पाचपट होत नाही, पंचवीसपट होते. सीटखालच्या फोमशेजारून जाणाऱ्या वायरीचं हे प्रकरण कुठल्याही कंपनीला परवडणारं नाही. म्हणून अशा गाड्यांतली सॉकेट्स बहुधा शंभर-दीडशे वॅटवरच अडवलेली असतात. लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर चालेल, कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज होईल, मिक्सर लावला की आतलं संरक्षण सॉकेट बंद करतं. भावाच्या गाडीत बिघाड काही नाही, ती शहाणपणाने वागते आहे.

विजेवरच्या गाडीत बॅटरी बहुधा तीनशे-चारशे व्होल्टची असते. तिथे ह्याच मिक्सरला दोन-अडीच अँपिअर पुरतात. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीचं २०२३ चं मॉडेल ३.३ केव्हीएपर्यंत वीज बाहेर देतं, ह्युंदाईची आयोनिक ५ ही ३.६ किलोवॅटपर्यंत. सॉकेटचा चेहरा तोच, पण मागचं घराणं वेगळं.

साठ्यातही तसाच फरक. १२ व्होल्ट, ४५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ५४० वॅट-तास. महावितरणच्या भाषेत अर्धं युनिट. तेही पूर्ण वापरायचं नसतं. इंजिन सुरू करताना क्षण-दोन क्षण शेकडो अँपिअर द्यायचे, एवढ्यासाठी तिच्या पट्ट्या पातळ केलेल्या असतात. भारनियमनाच्या काळात घरोघरी आलेल्या ट्युब्युलर बॅटरीसारखा सावकाश, खोलवर उपसा तिला सोसत नाही; चार-सहा वेळा तळाशी नेली की ती जन्माची अधू होते. मग इंजिन चालू ठेवून सॉकेट वापरलं तर? मोठं डिझेल इंजिन नुसतं उभ्या-उभ्या तासाला पाऊण लिटरच्या आसपास पितं. तेवढ्या डिझेलमध्ये साडेसात युनिटांइतकी ऊर्जा असते आणि सॉकेटमधून आपण घेतो फार तर ०.१५ युनिट. शंभरातले दोन! ते बंद गॅरेजमध्ये केलं तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. त्याला वास नसतो, हे पुन्हा सांगायला हरकत नाही.

आता खरी मजा. बॅटरी देते डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. घरातल्या उपकरणांना हवी सेकंदाला पन्नास आवर्तनं घेणारी एसी. मधलं काम इन्व्हर्टरचं. मोटारीत ही गरज पहिल्यांदा पडली ती रेडिओमुळे. शिकागोच्या गॅल्व्हिन बंधूंनी १९३० साली ‘मोटोरोला’ नावाने मोटारीतला रेडिओ विकायला काढला. त्या काळचे रेडिओ व्हॉल्व्हचे. त्यांना दीडशे-दोनशे व्होल्ट लागत आणि गाडीची बॅटरी असे सहा व्होल्टची. सुरुवातीला जास्त व्होल्टच्या कोरड्या बॅटऱ्या गाडीत वेगळ्या लपवाव्या लागत. त्या संपल्या की गाणं संपलं.

मग आला व्हायब्रेटर. शाळेच्या विजेच्या घंटेत टोल देणारी जी पट्टी असते, तिचाच हा भाऊबंद. एक लवचीक पोलादी पट्टी सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरायची आणि प्रत्येक थरथरीत बॅटरीचा प्रवाह कधी ट्रान्सफॉर्मरच्या एका अर्ध्या वेटोळ्यात, कधी दुसऱ्या अर्ध्यात सोडायची. ट्रान्सफॉर्मरला स्थिर प्रवाह कळत नाही, बदलता कळतो. पट्टीने बदल घडवला की पलीकडून व्होल्ट वाढून बाहेर. गाण्यामागे तिची बारीक गुणगुण ऐकू यायची आणि स्पर्शबिंदू ठिणग्यांनी जळायचे, म्हणून व्हायब्रेटर व्हॉल्व्हसारखाच उपटून नवा बसवता येईल असा करत. आजच्या तुमच्या अडॅप्टरमागे जे घडतं त्याचं मर्म सगळं त्या पट्टीत आहे : तोडा, उलटवा, जोडा, आणि हे फार वेगाने करा.

फार वेगाने म्हणजे किती? पट्टी शंभरवर थकली. आजचे अर्धवाहक स्विच सेकंदाला वीस-वीस हजार वेळा, काही तर त्याच्या कितीतरी पट वेळा, उघडमीट करतात. पण नुसती उघडमीट केली तर चौकोनी धक्के मिळतात, साइन लाट कुठून येते? ओटीवरचा झोपाळा आठवा. बसल्या-बसल्या पायाच्या अंगठ्याने आपण जमिनीला छोटे छोटे रेटे देतो. कधी निसटता, कधी जरा लांबवलेला. रेटे तुटक असतात, झोपाळा मात्र सलग, गुळगुळीत जातो, कारण त्याच्या वजनाला धक्के पचवता येतात. इन्व्हर्टरमध्ये झोपाळ्याचं वजन म्हणजे तारेचं वेटोळं, अर्थात इंडक्टर. प्रवाहात एकाएकी बदल होऊ न देणं हा त्याचा स्वभावच. स्विच किती वेळ उघडा ठेवायचा हे थोडं थोडं बदलत नेलं की वेटोळ्यातून शून्यावरून ३२५ व्होल्टच्या शिखरावर जाणारी, उतरणारी, उलट दिशेला तितकीच जाणारी लाट बाहेर पडते. २३० हा तिचा परिणामी आकडा. शिखर ३२५ चं.

आणखी गंमत म्हणजे विजेवरच्या बहुतेक गाड्यांत ह्यासाठी वेगळा डबा नसतो. घरची एसी घेऊन बॅटरीला डीसी देणारा जो चार्जर गाडीतच असतो, तोच उलटा चालवतात. आत जाण्याचा रस्ता बाहेर पडायलाही वापरायचा, म्हणून तर अडॅप्टर चार्जिंगच्या तोंडात बसतो.

स्विचची गोष्ट निघाली आणि जयंत बालिगांबद्दल बोललो नाही, तर मला चैन पडणार नाही. १९४८ साली मद्रासला जन्म, बालपण बंगळुरूजवळच्या जालहळ्ळीत, वडील भारतातल्या सुरुवातीच्या विद्युत अभियंत्यांपैकी. आयआयटी मद्रासमधून १९६९ साली पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले आणि जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधनशाळेत लागले. तेव्हा मोठी वीज हाताळणाऱ्या स्विचांचं दुखणं असं होतं : बायपोलर ट्रान्झिस्टर भरपूर प्रवाह वाहायचा, पण त्याला चालू ठेवायला स्वतःलाच बराच प्रवाह चारावा लागे. मॉसफेट नुसत्या व्होल्टेजच्या इशाऱ्यावर हाले, पण जास्त व्होल्टला त्याचा रोध एवढा वाढायचा की तो तापून जाई. बालिगांनी दोघांचा संसार एकाच सिलिकॉनच्या तुकड्यात मांडला. इशारा मॉसफेटसारखा, वाहणं बायपोलरसारखं. हेच आयजीबीटी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम झालं आणि कंपनीला त्याची किंमत एवढी पटली की काही काळ त्याबद्दल बाहेर लिहायलाच बंदी होती.

एकाच माणसाच्या डोक्यावर मुकुट ठेवण्याची सवय विज्ञानाच्या इतिहासात वाईट. आरसीए कंपनीच्या बेके आणि व्हीटली यांचा पेटंट अर्ज १९८० चा आहे. एकदा चालू झाला की बंदच न होण्याची आयजीबीटीची खोड नीट मोडली ती जपानमध्ये तोशिबाच्या नाकागावांनी. पण हा स्विच व्यवहारात उपयोगी पडतो हे दाखवणं, तो आधीच्या कारखान्यातच बनवता येतो हे सिद्ध करणं, आणि पुढे सिलिकॉन कार्बाइड सिलिकॉनपेक्षा किती सरस ठरेल याचं सूत्र मांडणं, ही कामं बालिगांची. आगगाडीच्या इंजिनापासून इन्व्हर्टर एसीपर्यंत आयजीबीटी सर्वत्र आहे आणि विजेवरच्या गाड्यांची चाकं वर्षानुवर्षं त्याच्याच जोरावर फिरली. आता तिथे सिलिकॉन कार्बाइडचे स्विच येऊ लागलेत, म्हणजे पुन्हा त्यांचंच भाकीत. जनरल इलेक्ट्रिकने १९८८ साली हा अर्धवाहकांचा धंदाच विकून टाकला! बालिगा नॉर्थ कॅरोलायनात प्राध्यापक झाले. २०१४ साली आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संघटनेचं सर्वोच्च पदक आणि २०२४ साली फिनलंडचा दहा लाख युरोंचा मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार त्यांना मिळाला. आपल्याकडे परदेशी कंपन्यांच्या भारतीय प्रमुखांची नावं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. बालिगांचं नाव किती जणांनी ऐकलंय, ते आपापल्या घरी विचारून पाहा.

असो. मिक्सर चालतो, मग काय-काय चालेल? टीव्ही, पंखा, दिवे, राइस कुकर बिनधास्त. फोन आणि लॅपटॉप चालतील, पण त्यात थोडा मूर्खपणा आहे : बॅटरीतली डीसी एसी करायची आणि चार्जरने ती पुन्हा डीसी करायची. प्रत्येक वेशांतरात थोडी वीज उष्णता होऊन जाते. शिवाय एसी बाहेर देण्यासाठी गाडीची स्वतःची यंत्रणा जागी ठेवावी लागते, तीही खात बसते. फोनसाठी यूएसबी बरं. फ्रिज चालेल, मात्र त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह मागतो. विजेवरच्या गाडीला ते झेपतं, दीडशे वॅटच्या सॉकेटला नाही. सिगारेट-लायटरच्या भोकात बसवायचे स्वस्त इन्व्हर्टर मिळतात, ते साइन लाटेऐवजी पायऱ्या-पायऱ्यांची लाट देतात. चार्जरला त्याचं सोयरसुतक नसतं, पंखा मात्र घुमतो आणि तापतो.

‘गाडी अख्खं घर आठवडाभर चालवेल’ असंही हल्ली ऐकू येतं. ४५ युनिटांची बॅटरी घ्या. गाडी कुठेतरी नेता यावी म्हणून पाचवा हिस्सा राखून ठेवा, दहाएक टक्के रूपांतरात जातील. हाती उरतात बत्तीस युनिटं. महिन्याला दीडशे युनिट वापरणाऱ्या घराला रोज पाच लागतात, म्हणजे सहा दिवस. वाईट नाही! रात्री दीड टनाचा एसी लावलात तर आणखी आठ-नऊ युनिटं, आणि आठवड्याचे होतात सव्वादोन दिवस. गीझर आणि इंडक्शनची शेगडी एकदम लावली तर एवढंही थांबायला नको. दोघांची बेरीज चार किलोवॅटच्या घरात जाते आणि गाडी हात वर करते. साठा भरपूर असणं आणि एका वेळी भरपूर देता येणं ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिराती त्यांची सरमिसळ मुद्दाम करतात, असं माझं मत.

ह्या सॉकेटची खरी परीक्षा जपानने घेतली. टोयोटाच्या एस्टिमा हायब्रिडमध्ये २००१ पासूनच १०० व्होल्टचं, १५०० वॅटचं सॉकेट होतं. सहलीला न्यायच्या चैनीची सोय. ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर तोहोकू भागात वीज गेली, तेव्हा त्याच सॉकेटवर लोकांनी पाणी तापवलं, फोन चार्ज केले. मागणी एवढी वाढली की कंपनीने प्रियसमध्येही ती सोय आणली. हायब्रिडमधली युक्ती सुरेख आहे : बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं, ती भरतं आणि बंद होतं. उभ्या डिझेल इंजिनाची मघाची उधळपट्टी तिथे बरीच टळते. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेव्हा गावात अशी एक गाडी असती तर निदान फोन आणि पाण्याचा छोटा पंप चालला असता.

पण अशा वेळी गाडीची वीज घराच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये उलटी घालायची अक्कल कोणी तरी लढवतंच. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करायची आणि ‘सगळं घर उजळलं’ म्हणायचं. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज मीटरमधून खांबावर जाते. ट्रान्सफॉर्मरला उलट-सुलट कळत नाही. अकरा हजार व्होल्ट तो एरवी घरासाठी उतरवतो. उलटीकडून २३० आले की दुसऱ्या बाजूला अकरा हजार काढून देतो. तिथे ‘लाइन बंद आहे’ अशा भरवशावर वायरमन खांबावर चढलेला असतो. घराला गाडी जोडायचीच असेल तर महावितरण किंवा गाडी, दोहोंपैकी एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. गाडी रबरी टायरांवर उभी, तिला जमिनीत पुरलेलं अर्थिंग नाही, हेही तो बघेल.

त्याहून सोपं म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड थेट फ्रिजपर्यंत ओढणं. ३.३ केव्हीए म्हणजे चौदा अँपिअरहून जास्त, तेव्हा बोर्ड सोळा अँपिअरचा आणि तांब्याची वायर अडीच चौरस मिलिमीटरची हवी. रिळावर गुंडाळलेली असेल तर ती शेवटच्या वेढ्यापर्यंत सोडा. गुंडाळीतल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते आणि आतले वेढे वितळू लागल्याचं बाहेरून दिसत नाही.