ई-रीडर घेण्याआधी आपलं पुस्तकांचं कपाट बघू या

‘कोणता ई-रीडर घेऊ?’ हा प्रश्न आपण बहुतेक वेळा दुकानात विचारतो. खरं तर तो आपल्या पुस्तकांच्या कपाटासमोर उभं राहून विचारायला हवा. आपण काय वाचतो, यावर यंत्र ठरतं.

आधी पडदा समजून घेऊ. मोबाइलचा पडदा स्वतःच उजेड फेकतो. ई-इंकच्या पडद्यात मात्र अतिशय बारीक काळे-पांढरे कण असतात. विजेच्या भाराने ते वर-खाली सरकतात आणि अक्षर उमटतं. कागदासारखंच ते बाहेरच्या उजेडात दिसतं, म्हणून भर उन्हातही वाचता येतं. चित्र टिकवायला वीज लागत नाही, पान बदलताना लागते. त्यामुळे बॅटरी बरीच चालते.

आता मुख्य मुद्दा. ई-पुस्तकं दोन तऱ्हेची असतात. ईपबसारख्या फाइलमध्ये मजकूर वाहता असतो. अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात. पीडीएफमध्ये पान ठरलेलं असतं आणि स्कॅन केलेल्या पुस्तकात तर ते पानाचं छायाचित्रच असतं. अक्षर मोठं करायला गेलो की ओळ पडद्याबाहेर जाते.

थोडा हिशोब करू. डेमी आकाराचं पान साधारण १४ बाय २१.५ सेंटिमीटर. ६ इंची पडदा साधारण ९ बाय १२. अख्खं पान त्यात बसवलं, तर ते ५५ ते ६० टक्क्यांवर येतं. म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर ७ पॉइंटच्या आसपास! देवनागरीत वेलांट्या, रफार, जोडाक्षरं. एवढ्या लहान आकारात ती वाचताना डोळे शिणणारच. १०.३ इंची पडद्यावर तेच पान जवळजवळ मूळ आकारात बसतं.

तेव्हा नव्या कादंबऱ्या, कथा ई-पुस्तकरूपात विकत घेऊन वाचणार असाल, तर ६-७ इंची हलकं यंत्र पुरे. जुनी मराठी पुस्तकं, कोश, मासिकांचे अंक वाचायचे असतील, तर त्यातलं बरंचसं स्कॅन रूपातच मिळतं. तिथे मोठा पडदा हवा. तो महाग पडतो, हातालाही जड लागतो.

घरातल्या ज्येष्ठांसाठी घेत असाल, तर हा फरक आणखी महत्त्वाचा. बारीक टाइपामुळे ज्यांचं वाचन सुटलंय, त्यांना वाहता मजकूर ते परत मिळवून देऊ शकतो. पण त्यांच्या आवडीची पुस्तकं स्कॅनच असली, तर लहान यंत्र भेट देऊन त्यांची निराशाच होईल.

म्हणून पैसे भरण्याआधी एक करा. कुणा ओळखीच्यांचं यंत्र मागून घ्या, त्यात आपलीच एक मराठी फाइल टाका आणि सलग २० पानं वाचा. जोडाक्षरं नीट जुळतात का, मान-मनगट दुखतं का, सगळं तिथेच कळेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.