डोळ्याला लावायचा पडदा: नांदूरमध्यमेश्वरच्या काठावरून ईव्हीएफची ओळख

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजी अमलातला बंधारा आहे. वर्षानुवर्षे गाळ साचला, बेटे झाली, पाणकणीस माजले आणि पक्षी उतरू लागले. 1986 मध्ये नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य झाले, 2020 मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. थंडीच्या दिवसांत चापडगावच्या मनोऱ्यावर लांब लेन्सची गर्दी असते आणि त्या लेन्समागचे कॅमेरे आता झपाट्याने मिररलेस होत आहेत. नवा कॅमेरा घेताना लोक मेगापिक्सेल विचारतात, ऑटोफोकस विचारतात. सकाळभर ज्याला डोळा लावून बसायचे त्या व्ह्यूफाइंडरची चौकशी मात्र क्वचितच होते.

आरसा गेला, पडदा आला

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून आणि प्रिझममधून थेट डोळ्यापर्यंत येतो. मिररलेसमध्ये आरसा नाही. सेन्सरने टिपलेले दृश्य आयपीसमागच्या अर्ध्या इंचाच्या आसपासच्या पडद्यावर दिसते. हाच इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर, म्हणजे ईव्हीएफ. लेन्स बदलता येणारा पहिला मिररलेस कॅमेरा, पॅनासॉनिकचा जी1, 2008 मध्ये आला तोच ईव्हीएफ घेऊन.

पांढऱ्या पक्ष्याचा प्रश्न

ईव्हीएफचा खरा फायदा बगळ्याच्या फोटोत कळतो. गडद पाण्यावर पांढरा पक्षी असला की कॅमेऱ्याचे मीटर फसते आणि पिसांचा तपशील जळून जातो. आरशाच्या कॅमेऱ्यात हे फोटो काढून झाल्यावर मागच्या स्क्रीनवर कळायचे, तेही उन्हात स्क्रीनवर हाताचा आडोसा धरून. ईव्हीएफमध्ये ते बटण दाबण्याआधीच दिसते. बऱ्याच कॅमेऱ्यांत जळणाऱ्या भागावर तिरपे पट्टे उमटतात, त्यांना झेब्रा म्हणतात. ते दिसले की एक्स्पोजर खाली आणायचे.

एक सावधगिरी मात्र हवी. पडद्याची चमक कमी-जास्त करता येते आणि कडक उन्हाला सरावलेल्या डोळ्याला तोच पडदा काळपट भासतो. म्हणून शेवटचा शब्द हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा.

उडत्या पक्ष्यामागे

इथे मात्र ईव्हीएफची बरीच वर्षे बदनामी झाली, आणि ती रास्त होती. दृश्य सेन्सरवरून वाचायचे, प्रक्रिया करायची, मग पडद्यावर दाखवायचे, यात वेळ जातो. सेकंदाला 60 चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर दोन चित्रांमध्ये सुमारे 17 मिलिसेकंद असतात. सेकंदाला 10 मीटर वेगाने जाणारे बदक तेवढ्यात 17 सेंटिमीटर पुढे सरकते. 120 चित्रांचा वेग निवडला की हे अंतर निम्मे होते.

त्याहून त्रासदायक गोष्ट वेगळीच होती. सलग फोटो काढताना जुने मिररलेस कॅमेरे नुकतेच काढलेले फोटो एकामागून एक दाखवायचे. पक्ष्याने वळण घेतलेले असायचे आणि आपण मात्र त्याची मागची जागा पाहत कॅमेरा फिरवायचो. 2017 मध्ये सोनीच्या ए9 ने वेगाने वाचता येणारा सेन्सर आणून सलग फोटो काढतानाही दृश्य अखंड दाखवले. 2021 च्या निकॉन झेड9 मध्ये तर यांत्रिक शटरच उरले नाही. एवढ्या वरच्या किमतीचा कॅमेरा नसेल, तर सलग फोटोंचा सर्वांत जास्त वेग टाळावा. कमी वेगात बहुधा मधूनमधून चालू दृश्य दिसत राहते.

दुसरी अडचण फोकसची. लेन्स जवळ फोकस झालेली असेल तर आकाशातला भोवत्या पक्षी पडद्यावर दिसतच नाही, नुसता राखाडी धूर दिसतो. पक्षी येण्याआधी तेवढ्याच अंतरावरच्या पाणकणसावर फोकस करून ठेवावा.

कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो आणि अचानक सूर मारतो. त्याच्यासाठी आरसा नसल्याचा वेगळा फायदा आहे. सेन्सर सतत पाहतच असतो, म्हणून काही कॅमेरे बटण पूर्ण दाबण्याच्या आधीचे क्षणही जतन करतात. ऑलिम्पसने ही सोय 2016 च्या ई-एम1 मार्क टू मध्ये दिली होती.

लाखांचे आकडे

जाहिरातीत ईव्हीएफचे ‘डॉट’ असतात. एका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन डॉट लागतात. त्यामुळे 36.9 लाख डॉटचा पडदा म्हणजे 1280 गुणिले 960 पिक्सेल, आणि 94.4 लाखांचा म्हणजे 2048 गुणिले 1536. झेड9 सारखा अव्वल कॅमेरा 36.9 लाखांवरच आहे आणि तो अडखळत नाही. माझ्या मते उडत्या पक्ष्यांसाठी डॉटपेक्षा पडद्याचा वेग आणि अखंडपणा आधी पाहावा.

चष्मा आणि चाळिशी

पन्नाशीच्या पुढच्या पक्षिमित्रांनी हा भाग नीट वाचावा. ईव्हीएफमध्ये काढलेला फोटो, मेनू, सेटिंग, सगळे डोळा न हलवता दिसते, त्यामुळे चाळिशीचा चष्मा खिशात राहू शकतो. बाजूच्या डायॉप्टरच्या चाकाने नंबर जुळवायचा. जुळवताना समोरच्या दृश्याकडे न पाहता मेनूची अक्षरे पाहावीत. ती पडद्यावरचीच असल्याने फोकसच्या चुकीने फसवत नाहीत. हे चाक बॅगेत घासून फिरते आणि मग लेन्स बिघडल्याचा संशय येतो.

चष्मा लावूनच पाहायचे असेल, तर आयपॉइंट किती ते विचारावे. आयपीसपासून किती मिलिमीटरवरून पूर्ण चौकट दिसते, ते हा आकडा सांगतो. तो कमी असेल तर चौकटीचे कोपरे कापले जातात.

निफाडची थंडी आणि बॅटरी

निफाडचा पारा राज्यात नीचांकी गेल्याची बातमी दर हिवाळ्यात येतेच. थंडीत बॅटरी लवकर उतरते, त्यात पडदा आणि सेन्सर सतत चालू. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या चाचणीत निकॉनचा आरशाचा डी850 एका चार्जवर 1840 फोटो देतो, मिररलेस झेड6 फक्त 310. बॅटरी जवळजवळ तीच. प्रत्यक्षात सलग काढताना फोटो कितीतरी जास्त निघतात, तरी पक्ष्याची वाट पाहण्यात खर्च होतोच. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी.

आणखी एक बारीक गोष्ट: आयपीसजवळचा सेन्सर डोळा आला असे समजून मागची स्क्रीन बंद करतो. मफलरचे टोक त्याच्यासमोर आले तरी त्याला तो डोळाच वाटतो. मेनूत फक्त व्ह्यूफाइंडर निवडले की कटकट संपते.

दिवे लागल्यावर

नाशिकच्या रामकुंडावरच्या संध्याकाळच्या आरतीत ईव्हीएफ अंधार उजळून दाखवतो आणि ज्योतीसमोरचा चेहरा कितपत येईल ते आधीच कळते. पण दृश्य दाणेदार होते, कधी अडखळते, आणि आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर एलईडी दिव्यांचे आडवे पट्टे उमटू शकतात. तिथे यांत्रिक शटर वापरावे.

हाताशी चांगला डीएसएलआर असेल आणि काम मुख्यतः उडत्या पक्ष्यांचे असेल, तर तो विकून स्वस्तातला मिररलेस घेण्याची घाई मी करणार नाही. नवा घ्यायचाच असेल, तर दुकानात स्वतःचा चष्मा लावून जावे, बाहेर रस्त्यावर येऊन धावत्या दुचाकीमागे कॅमेरा फिरवावा आणि सलग फोटो काढताना दुचाकी चौकटीत राहते का ते पाहावे.