हातानं ओवलेली मेमरी
१९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या देशी संगणकाची मुख्य मेमरी किती होती? ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे जेमतेम १० केबी! फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवलेल्या, एका कडीत एक बिट. वीज गेली तरी माहिती शाबूत. गंमत म्हणजे वाचताच बिट पुसला जातो, म्हणून तो लगेच पुन्हा लिहावा लागतो.

अशी मेमरी आज घरी बनवता येते. अँडी गेपर्ट यांच्या ‘कोअर६४’ या संचाचा आराखडा सर्वांसाठी खुला आहे. ६४ कड्या आपणच ओवायच्या. कड्यांमागचे एलईडी बिट दाखवतात आणि चुंबक फिरवला की ते बदलतात. आमच्या जालन्यात कुणाचा सोल्डरिंगला हात बसलेला असेल तर कळवा, मिळून एक बनवू.