चार मिलिमीटरांचा फरक

मिररलेस कॅमेऱ्यात भिंग आणि संवेदक यांच्यामध्ये आरसा नसतो, त्यामुळे भिंगाचा मागचा भाग संवेदकाच्या बराच जवळ आणता येतो (सोनीच्या ई-माउंटमध्ये हे बैठकीचे अंतर अवघे १८ मिमी आहे), आणि रुंद दृश्यापासून व्यक्तिचित्रापर्यंतची नाभीय अंतरे एकाच नळीत सामावणाऱ्या प्रमाण झूम भिंगांच्या रचनेला त्यातून नवा वाव मिळतो. सोनीचे २०१६ मधील २४-७० मिमी एफ/२.८ जीएम भिंग ८८६ ग्रॅमचे होते, २०२२ ची दुसरी आवृत्ती ६९५ ग्रॅमची आहे, तर टॅमरॉनचे २८-७५ मिमी एफ/२.८ जी२ भिंग ५४० ग्रॅममध्येच काम भागवते.

चोवीस आणि अठ्ठावीस यांतील फरक क्षुल्लक वाटतो. पण पूर्णाकृती संवेदकावर कर्णरेषेतील दृश्यकोन ८४ अंशांवरून ७५ अंशांवर येतो. दोंडाईचा परिसरात वाळत घातलेली लाल मिरची टिपताना मोकळ्या शिवारात दोन पावले मागे सरता येते; मात्र घरातल्या हळदीच्या वेळी पाठीशी भिंत असते आणि कडेची माणसे चौकटीबाहेर राहतात.

एफ-अंक म्हणजे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. तो २.८ वरून ४ झाला, की प्रकाश निम्मा होतो, म्हणून सेकंदाच्या दोनशेव्या भागात टिपता येणाऱ्या क्षणाला शंभरावा भाग द्यावा लागतो आणि मांडवात नाचणारे हात पुसट होतात. सोनीचे २४-१०५ मिमी एफ/४ जी भिंग (६६३ ग्रॅम) दिवसाच्या भटकंतीला निःसंशय अधिक उपयोगी आहे, परंतु रात्रीच्या लग्नकामासाठी टॅमरॉनची निवड अधिक शहाणपणाची ठरते.