दुसरं मत घेताना

घरातल्या थोरांचं ऑपरेशन ठरलं की दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावंसं वाटतं, पण ‘आपल्या डॉक्टरांना राग येईल, पुढे ते बघणार नाहीत’ म्हणून माणसं गप्प बसतात. ही भीती काढून टाका. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यास रुग्णालयाची कागदपत्रं 72 तासांत मिळायला हवीत. भांडायची गरज नाही. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

‘फाईल नेली की झालं’ हा गैरसमज मात्र फार महागात पडतो. फाईलमध्ये असतो रिपोर्ट, म्हणजे कुणीतरी आधीच काढलेला निष्कर्ष. नव्याने विचार व्हायचा तर मूळ गोष्टी समोर हव्यात. सीटी स्कॅन, एमआरआय असेल तर त्याची सीडी न्या. बायॉप्सी झाली असेल तर लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणाची छोटी वडी. तिच्यात रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा जपलेला असतो. त्याचे नवे पातळ काप काढून दुसरे पॅथॉलॉजिस्ट स्वतः मायक्रोस्कोपखाली पाहू शकतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरून आलेल्या स्लाइड आणि ब्लॉक पुन्हा तपासले जातात ते याचसाठी. काही जण ‘बघू या काय म्हणतात’ म्हणून पहिलं निदान लपवतात. त्यात वेळ आणि तपासण्यांचे पैसे वाया जातात.

दुसरं मत फक्त ऑपरेशनसाठीच घ्यायचं, असंही नाही. म्हातारपणी गोळ्यांसाठी ते जास्त लागतं, असं मला वाटतं. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन सुरू होतं. पायावर सूज येणं हा त्याचा माहितीतला दुष्परिणाम. सूज दिसली म्हणून लघवी वाढवणारी गोळी येते. तिने सोडियम घटू शकतं. मग आजींना चक्कर येते, त्या गोंधळल्यासारखं बोलतात, आणि चक्करेवर आणखी एक गोळी येते. प्रत्येक डॉक्टरांनी समोरच्या तक्रारीवर औषध दिलेलं असतं. सगळ्या गोळ्या एकत्र कुणीच पाहिलेल्या नसतात. म्हणून घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत भरा. झोपेची गोळी, चूर्णं, मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्यावरची गोळी, सगळं त्यात आलं. ती पिशवी फिजिशियनसमोर रिकामी करा आणि ‘यातलं काय बंद करता येईल?’ असं विचारा. आपल्या मनाने मात्र काही बंद करू नका.

दुसऱ्या मतासाठी थांबायला वेळ असतोच, असं नाही. मोतीबिंदू, गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया यांना सहसा थांबता येतं. हार्ट अटॅकमध्ये थांबायचं नसतं. पक्षाघातातही नाही: मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच देता येतं. खुब्याचं हाड मोडलं की ‘या वयात ऑपरेशन कशाला’ म्हणत घरं आठवडा घालवतात, याचं फार वाईट वाटतं. पडून राहिल्याने न्यूमोनिया होतो, अंगाला जखमा होतात, पायात गुठळ्या होतात. प्रकृती झेपणारी असेल तर एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया होणं चांगलं.

दोन मतं वेगळी आली म्हणजे एक डॉक्टर चुकले, असंही नसतं. प्रोस्टेटचा कमी धोक्याचा, हळू वाढणारा कॅन्सर असेल तर एक डॉक्टर उपचार सुचवतील, दुसरे नियमित तपासण्या करत लक्ष ठेवू म्हणतील. दोन्ही वैद्यकशास्त्राला धरूनच असतं. निवड करायची ती आजोबांनी, आणि तिथेच आपण मुलं-सुना त्यांना बाहेरच्या बाकावर बसवतो. त्यांना डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत बसवा, कानाचं यंत्र लावायला विसरू नका, आणि पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या: ‘काहीच केलं नाही तर काय होईल? आणि केलं तर मला माझं माझं उठता-बसता येईल का?’ उत्तर कागदावर लिहून घ्यायचं काम आपलं.