फाशीवरील अपील
ट्रेब्लिंका छावणीतील ‘क्रूरकर्मा इव्हान’ तो हाच, असे ठरवून जेरुसलेमच्या जिल्हा न्यायालयाने २५ एप्रिल १९८८ रोजी जॉन देम्यान्युक यास फाशी सुनावली. छावणीतून वाचलेल्या वृद्धांनी त्यास शपथेवर ओळखले होते. त्याने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. पुढे सोव्हिएत दप्तरांतून जुन्या पहारेकऱ्यांचे जबाब हाती आले. त्यांत इव्हानचे आडनाव मार्चेन्को होते! २९ जुलै १९९३ रोजी पाचही न्यायमूर्तींनी संशयाचा फायदा देऊन शिक्षा रद्द केली. निकाल आम्हांस कडू लागला. पण वधस्थानाकडे निघालेला दोषी काही मुद्द्याचे सांगू लागल्यास त्यास चार-पाच वेळाही परत आणावे, हा मिश्नाचा नियम आम्हीच मुलांना शिकवितो. सोबिबोरच्या गुन्ह्यांबद्दल म्युनिकच्या न्यायालयाने २०११ साली त्यास दोषी ठरविले. तेथील अपील प्रलंबित असतानाच २०१२ साली तो वारला.